खर्ज कोणी धरावयाचा?

सनईवाला चुकला तर मांडवातील शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळते. ढोलवाला चुकला तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. परंतु खालचा स्वर धरणारा चुकला, किंवा मुळात हजरच नसला, तर श्रोत्यास एवढेच वाटते की, आज गाण्याला काही रंग आला नाही. कारण विचाराल तर ते त्यास सांगता येत नाही. या खालच्या स्वरास आपण खर्ज म्हणतो, आणि आजच्या वाद्यवृंदात तो धरण्याचे काम ज्या वाद्याकडे आले आहे त्याचे नाव बेस गिटार. वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत विषय होतात. तेथे चार तारांच्या एका विलायती वाद्यावर तासभर बोलावे काय, असे कोणी विचारल्यास ते गैर नाही. आमचे म्हणणे असे की, महाड-पोलादपूरच्या मुलखात गेल्या दोन-तीन पिढ्यांत गाण्याबजावण्याची जी रुची पालटली, तीत सर्वांत मोठा पालट वरच्या चालीत झालेला नसून खालच्या स्वरात झाला आहे. आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

खर्ज हा शब्द येथे आम्ही थोडा सैल वापरीत आहोत. शास्त्राप्रमाणे खर्ज म्हणजे मंद्र सप्तकातील षड्ज. परंतु व्यवहारात खाली जे जे घुमते त्यास खर्जच म्हणतात. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची, पितळेची, ती खर्जाची. सनई-चौघड्यात मुख्य सनईच्या जोडीला एकच स्वर धरून बसणारी दुसरी सनई असते, तिला नुसते 'सूर' म्हणतात. भजनात पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ती आवाज खाली उतरावा म्हणूनच. आणि तबलजीची परीक्षा जाणता माणूस डग्ग्याच्या घुमाऱ्यावर करतो. आपल्या भागातील खालूबाजात हे काम ढोलाकडे आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडास वीरेश्वर महाराजांचा छबिना असतो, गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात. त्या वेळी येणारा बाजा आधी पोटात कळतो आणि मग कानात.

या सर्व खर्जांत एक गोष्ट समान आहे. तो बसलेला खर्ज आहे. ओटीवर आजोबा बसलेले असावेत आणि पोरांनी अंगणभर धावून पुन्हा त्यांच्यापाशी यावे, तसे आपले गाणे षड्जाभोवती हिंडते. विलायती संगीतातील खर्ज मात्र चालता आहे. बेस गिटारचे सारे मर्म या एका फरकात असल्यामुळे येथे थोडे थांबले पाहिजे.

घरी पेटी असेल त्याने हा प्रयोग करून पाहावा. उजव्या हाताने मध्य सप्तकातील शुद्ध गंधार दाबून ठेवावा, तो सोडू नये. डाव्या हाताने खालचा षड्ज दाबावा. गंधार गोड आणि प्रसन्न लागतो. आता गंधार तसाच ठेवून डाव्या हाताने षड्ज सोडावा आणि त्याखालचा शुद्ध धैवत दाबावा. तोच गंधार एकदम उदास होतो. मग धैवत सोडून खालचा मध्यम दाबावा. आता तो गंधार अधांतरी, जणू काही यावयाचे राहिले आहे असा वाटू लागतो. वर गाणाऱ्याने काहीच केले नाही, खालच्याने केले, आणि भाव पालटला. बेस वाजविणाऱ्याची सत्ता ती हीच. सिनेमाच्या गाण्यात एकच ओळ दुसऱ्यांदा आली की मन हलते, तेव्हा पुष्कळदा ओळ तीच असते, खालची जमीन सरकलेली असते.

आता खुद्द वाद्याकडे वळू. विलायती वाद्यवृंदात पूर्वी हे काम माणसाच्या उंचीहून मोठे असे उभे तंतुवाद्य करी. ते वाहून नेणे हा एक उद्योगच होता, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गर्दीत ते ऐकूही येत नसे. अमेरिकेत सिॲटल येथे पॉल टटमार्क याने १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारे आडवे बेस करून पाहिले, पण ते चालले नाही. चालले ते १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याचे. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. कदाचित म्हणूनच त्याने वाद्याकडे सुताराच्या आणि तारतंत्र्याच्या डोळ्यांनी पाहिले. दांडीवर पडदे बसविल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून त्याने त्यास 'प्रिसिजन' असे नाव दिले. घोडीपासून वरच्या खाचेपर्यंत तारेची मोकळी लांबी त्याने ३४ इंच ठेवली. आजही बहुतेक बेस गिटारी तेवढ्याच असतात.

साध्या गिटारला सहा तारा आणि हिला चारच हे पाहून, उरलेल्या दोन तुटल्या काय, असे घरातील वडील माणसे विचारतात. तसे नाही. गिटारच्या खालच्या चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली या चार तारा लावलेल्या असतात. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगावयाचे तर जाडीकडून बारीकीकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. म्हणजे प्रत्येक तार मागच्या तारेच्या मध्यमावर. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ आंदोलने करते. आवाजाच्या या लाटेची लांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे सुमारे २७ फूट भरते. आलीकडे पाच तारांचीही गिटार मिळते, तिची जादा तार आणखी खाली, ३१ आंदोलनांवर जाते. नवशिक्याने तिच्या नादी लागू नये, असे आमचे मत आहे. चार तारांचे घर सांभाळता आले की पाचवी खोली बांधावी.

तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते आणि ती कर्ण्यापर्यंत पोचविली जाते. या भागास पिकअप म्हणतात. १९५७ साली फेंडरने त्याचे दोन तुकडे करून एकमेकांविरुद्ध जोडले, त्यामुळे घरच्या विजेची घरघर पुष्कळशी आपोआप छाटली जाते. १९६० साली निघालेल्या 'जाझ' नावाच्या प्रकारात दोन स्वतंत्र पिकअप आहेत. आवाज अधिक बोलका, परंतु दोहोंपैकी एकच पिकअप चालू ठेवला की घरघर येते. ही घरघर आपल्याकडे ५० आंदोलनांची आणि तिच्या पटीतली असते. पांढरी पाचचा सर्वांत खालचा स्वर ४९ आंदोलनांचा. म्हणजे गवई काळी एकमध्ये गात असेल तर मांडवातील वीज त्याला अखंड तीव्र मध्यम देत असते! अर्थिंग नीट नसलेल्या मंडपात भजन का जमत नाही, याचे एक कारण येथे सापडेल. थट्टा बाजूस ठेवली तरी अर्थिंगची गोष्ट थट्टेची नाही. पावसात, जनित्रावर, ओल्या जमिनीवर उभे राहून धातूच्या तारा हाती धरावयाच्या असतात.

काळी एकचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगून ठेवतो, कारण शिकविणारे ती सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे पुरुष भजनी पुष्कळदा काळी एकमध्ये गातात. त्या पट्टीत बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा कोठे पडतात पाहा: कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम. तोडीतले सारे विकृत स्वर नेमके तेवढेच! साध्या अभंगाला यांतली एकही मोकळी तार उपयोगी नाही, आणि बिचारा शिकाऊ मुलगा मोकळ्या तारेला हात लागला की वडीलधाऱ्यांच्या शिव्या खातो. उपाय सोपा आहे. चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. मग त्याच तारा ऋषभ, पंचम, षड्ज आणि मध्यम अशा पडतात. सर्व शुद्ध, आणि त्यांत षड्ज-पंचम दोन्ही हाताशी. तार किंचित सैल झाल्याने आवाजही भजनास शोभेल असा मऊ होतो.

हे वाद्य आपल्या कानांवर प्रथम आले ते मुंबईच्या सिनेमासंगीतातून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव या बाबतीत जाणकार घेतात. सामान्य श्रोत्याने ते ऐकलेले नसते. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक आयुष्यभर वाजवीत होते आणि तबकड्यांवर त्यांची नावे नसत. अमेरिकेतही निराळे नव्हते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस वाजविणारा जेम्स जेमर्सन हा एकाच बोटाने तार छेडी आणि तारा तुटेपर्यंत बदलीत नसे. १९७१ साली मार्विन गे याच्या तबकडीवर त्याचे नाव छापले गेले, तोवर त्याची दहा वर्षांची कामगिरी अनामिकच होती. खालचा स्वर धरणाऱ्याच्या वाट्यास हे येतेच.

मग यंत्र आले. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१-८२ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची लहानशी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यास बेसची साथ मिळावी, हा तिचा हेतू. माणसाच्या बेससारखी ती मुळीच वाजेना, म्हणून १९८४ साली तिचे उत्पादन बंद पडले. परंतु मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ही पेटी आणि तिची ताल धरणारी बहीण टीआर-८०८ घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तबकडी तेव्हा कोणी विचारली नाही. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी मोडीत निघालेल्या त्याच पेट्यांतून एक नवा नाचाचा प्रकार उभा केला आणि तो जगभर गेला. २०१० साली चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले की हे मुंबईत पाच वर्षे आधीच होऊन गेले होते. राग यंत्रावर बसतो कसा, याचे उत्तर कठीण नाही: यंत्राचा खर्ज फिरून फिरून त्याच जागी येतो, आणि आपला तर तेथून हलतच नाही.

महाड-पोलादपूरकडे या गोष्टी आल्या त्या चाकरमान्यांबरोबर. मुंबईत जे वाजे ते गणपतीला गावात येई. पितळी वाद्यांची बँडपथके आली, त्यांच्यामागून बेंजो आला. ज्यास आपण बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतील बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. १९१२ साली जपानातील नागोया येथे मोरिता गोरो याने तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचे वाद्य काढले. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि त्यास पिकअप लावल्यावर रायगड-रत्नागिरीच्या मिरवणुकांचा राजा झाले. २०१६ साली रवी जाधव यांनी त्यावर हिंदी चित्रपटही काढला. बेंजोचा आवाज चिरका, वरच्या पट्टीचा, एकाच वेळी चाल आणि झंकार देणारा. खाली मात्र तो रिकामा. ती पोकळी पथके आपापल्या परीने भरतात: ढोलाने, कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने, ऑक्टोपॅडच्या ठोक्याने. बेस गिटारवाला असला तर भाग्य. बेंजोला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. बेंजो पथकात निदान दहा-बारा माणसे एकमेकांकडे पाहून वाजवितात.

त्यानंतर जे आले त्यास कोणी डीजे म्हणतात, कोणी डॉल्बी. येथे एक विनोद इतिहासाने करून ठेवला आहे. रे डॉल्बी या इंजिनिअरने १९६५ साली जी युक्ती काढली ती ध्वनिमुद्रणातील नको असलेली खरखर कमी करण्याची. नको तो आवाज कमी करणाऱ्याचे नाव आपण आवाजाच्या भिंतीस दिले! साउंडवाल्याकडे चौकशी केली की तो विचारतो, "किती टॉप, किती बेस?" त्याच्या भाषेत बेस म्हणजे वाद्य नव्हे, स्वर नव्हे, वाजविणारा माणूस तर नव्हेच, बेस म्हणजे अठरा इंची कर्ण्याची पेटी. आम्ही प्रारंभी जो पालट म्हटला तो हा. खर्ज माणसाच्या बोटांतून निघून पेटीत गेला. तो आता स्वर राहिला नाही, धक्का झाला.

यात कानाचा धर्मही पाहिला पाहिजे. मनुष्याचा कान खालच्या स्वरास मंद आहे. मध्यम उंचीचा एखादा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ४० आंदोलनांचा स्वर वाटावा म्हणून साध्या आवाजाच्या पातळीवर हजारो पट शक्ती लागते. म्हणून बेसच्या पेट्या मोठ्या, म्हणून जनित्र मोठे. शिवाय २७ फुटांच्या लाटेस घराची भिंत म्हणजे पडदाच. चाल भिंतीशी अडते, ठोका आत येतो. पोलादपूरसारख्या डोंगरांनी वेढलेल्या ठिकाणी पलीकडच्या वाडीतील गाणे कोणते हे कळत नाही, धब् धब् मात्र कळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्यसरकार ही मुभा बारापर्यंत वाढवू शकते. परंतु ही मोजणी ज्या प्रमाणाने होते, ते कानाच्या मंदपणास धरून बेतलेले असल्यामुळे ४० आंदोलनांच्या आवाजातून जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. मापकावरचा आकडा बेताचा आणि आजाऱ्याच्या खिडकीचे तावदान थरथरते, असे होते ते यामुळे.

यात हानी कशाची होते? झोपेची आणि कानांची होतेच. पण आमच्या मते मोठी हानी शब्दांची आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ २० मार्चला महाडास लोक लोटतात. आंबेडकरी चळवळीची गाणी जलशांतून वाढली. ती ढोलकी-पेटीवर उभी राहिली आणि त्यांत शब्द आधी. अशा गाण्यास बेस गिटार फार शोभते, कारण जाणता वादक ओळीच्या शेवटी बोलतो आणि ओळ चालू असता नुसता पाय रोवून उभा राहतो. पेटीतल्या धक्क्यास ओळ कोठे संपते हे ठाऊक नसते. अभंगाचेही तेच, कोळीगीताचेही तेच.

म्हणून ज्या मुलांस हे वाद्य घ्यावयाचे आहे, त्यांच्याशी चार शब्द. आपल्या मुलखात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे दुकानदाराने मुंबईत बसून सांगितलेल्या सल्ल्यात नसते. लाकडी दांडी ओल शोषते आणि वाकते. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. तिचा पेच पाव फेऱ्याहून जास्त एका दिवसात फिरवू नये. गिटार घेताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून दांडी सरळ आहे की नाही ते पाहावे, आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून ऐकावा. रंग आणि नाव शेवटी. बॅटरीवर चालणाऱ्या आतल्या मंडलाचा मोह सुरुवातीस नको. कार्यक्रमाच्या ऐन मध्यात नऊ व्होल्टची बॅटरी संपली तर खेड्यात रात्री ती मिळत नाही. आमची पसंती एका, दोन तुकड्यांच्या पिकअपच्या साध्या गिटारला.

तारांचे दोन प्रकार. गोल वेढ्याच्या तारा झणझणीत, बेंजोच्या गर्दीत ऐकू येतात. पण वेढ्यांच्या खाचांत घाम आणि ओल बसते आणि श्रावण संपेपर्यंत त्या मरतात. चपट्या वेढ्याच्या तारा महाग, मात्र वर्षानुवर्षे टिकतात, बोट सरकल्याचा आवाज येत नाही, आणि त्यांचा स्वर पखवाजाशी जुळतो. एकदा पैसे घालावयाचे तर यांत घालावेत. साध्या गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये बेस जोडू नये. त्याचा कर्णा फाटतो. स्वतःची मोठी पेटी घेण्यापेक्षा एक चांगला डीआय बॉक्स जवळ ठेवावा आणि साउंडवाल्याच्या मिक्सरात वायर द्यावी. महाड शहरात राहणाऱ्यांनी वाद्य जमिनीवर ठेवू नये. जुलै २०२१ चे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावयास नको.

आणि ऐकावे कशावर? मोबाईलच्या कर्ण्यातून ४१ काय, १०० आंदोलनांचा स्वरही धड निघत नाही. तरी चाल ओळखू येते, कारण वरच्या पटींवरून कान खालचा स्वर मनाने भरून काढतो. मनाने भरलेल्या स्वरावरून हात बसत नाही. साधे कानावरचे हेडफोन घ्यावेत, एक जुने गाणे निवडावे आणि आठ दिवस त्याची केवळ खालची ओळ तोंडाने गावी. आपल्या गळ्यास पोचेल त्या सप्तकात गावी. ती मुखोद्गत झाली की मग तार छेडावी. पहिले काही महिने एखाद्या भजनी मंडळात मागे बसून आठ मात्रांच्या ठेक्यात फक्त समेवर षड्ज आणि पाचव्या मात्रेवर पंचम, एवढेच वाजवावे. पखवाजवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. त्याची थाप आणि आपला स्वर एकत्र पडू लागले, म्हणजे दोन्ही मिळून एकच वाद्य वाटू लागते, आणि तेव्हा गाणारा बुवा मागे वळून पाहतो.